हेडलीशी सौदा करणारं ऑफिस, आणि त्याचा वकील

वाऱ्यावरचा

मंडळी, गेल्या महिन्यात मला फेडरल कोर्टाचं ज्युरीचं बोलावणं आलं. शिकागोच्या डिअरबॉर्न स्ट्रीटवरची डर्कसन बिल्डिंग. मीस व्हॅन डर रोहनं काढलेला काळा, उभा, काचेचा डबा. रस्त्यापलीकडच्या चौकात काल्डरचा लालभडक 'फ्लेमिंगो' उभा आहे, तेवढाच काय तो रंग. पट्टा काढा, नाणी ट्रेमध्ये टाका, आत जा, नाव पुकारेपर्यंत बसून राहा. दिवसभर बसलो, कुणी निवडलं नाही. पन्नास डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च घेऊन घरी आलो.

शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा गप्पिष्ट होते. मी मूळचा मुंबईचा म्हटल्यावर म्हणाले, "तुमचा तो हेडली. त्याचा निकाल इथंच लागला."

डोक्यात किडा वळवळायला लागला. हेडली म्हणजे दाऊद गिलानी. ३ ऑक्टोबर २००९ ला ओहेअर विमानतळावर पकडला गेला. २००६ ते २००८ मध्ये पाच वेळा मुंबईत येऊन ताज, लिओपोल्ड, छबाड हाऊस सगळं टिपून गेलेला हा माणूस. २६/११ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, त्यात सहा अमेरिकन. त्या सहांच्या खुनाबद्दल अमेरिकेच्या कायद्यात त्याच्यावर मृत्युदंडाची कलमं लागू शकत होती. मार्च २०१० मध्ये त्यानं बाराही आरोपांत गुन्हा कबूल केला. बदल्यात मृत्युदंड मागायचा नाही आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांच्या ताब्यात द्यायचं नाही, असं ठरलं. जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली.

हा सौदा न्यायाधीशानं केलेला नाही. तो यूएस ॲटर्नीच्या, म्हणजे त्या भागातल्या केंद्र सरकारच्या मुख्य वकिलाच्या, ऑफिसनं केला, आणि तेव्हा त्या खुर्चीत पॅट्रिक फिट्झजेराल्ड होता. म्हणून त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि अडकलोच.

आयर्लंडहून आलेल्या आईबापांचा ब्रुकलिनचा पोरगा. बाप मॅनहॅटनमध्ये एका इमारतीचा दरवान, आणि सुट्टीत ह्यानंही दरवानगिरी केलेली. ॲमहर्स्टला गणित आणि अर्थशास्त्र, मग हार्वर्ड लॉ, १९८५. खाजगी प्रॅक्टिसमध्ये जेमतेम तीन वर्षं काढून १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये असिस्टंट यूएस ॲटर्नी झाला. आपल्याकडच्या भाषेत सहायक सरकारी वकील, पण त्या दोन कामांत किती अंतर आहे ते जाणकारांनी सांगावं. आधी गॅम्बिनो टोळी. मग १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्फोटांचा कट रचणारा आंधळा शेख ओमर अब्देल रहमान. मग नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी वकिलातींवरच्या १९९८ च्या स्फोटांचा खटला, २२४ मृत. २००१ मध्ये चौघे दोषी ठरले, पण ज्या दोघांसाठी फाशी मागितली होती त्यांच्याबाबत ज्युरीचं एकमत झालं नाही. म्हणजे दहशतवाद्याला फाशी मागून ती न मिळण्याचा अनुभव ह्या माणसाच्या गाठीशी होता. हेडलीच्या वेळी तो आठवला असेल का, हा मला पडलेला प्रश्न.

१ सप्टेंबर २००१ ला शिकागोत यूएस ॲटर्नी म्हणून आला. नाव सुचवणारे सिनेटर पीटर फिट्झजेराल्ड, नात्यातले नव्हेत. त्यांना मुद्दाम बाहेरचा माणूस हवा होता, कारण शिकागोत सगळे सगळ्यांना ओळखतात. जवळजवळ अकरा वर्षं टिकला. दहा दिवसांत ११ सप्टेंबर झालं, हे वेगळं सांगायला नको.

तर प्रश्न असा: त्या खुर्चीत तुम्ही असता तर हेडलीशी सौदा केला असता का?

मिरची_नागपुरी

नसता केला. विषय संपला.

बापा, १६६ माणसं! आणि तो काऊन जिवंत आहे? तर म्हणे सहकार्य केलं. आमच्या पोलिसानं चोराशी असा सौदा केला तर आपण त्याला हप्ता म्हणतो, यांनी केला की कायदेशीर कौशल्य. ३५ वर्षांतले वीस गेल्यावर पॅरोलवर सुटून येईल आणि पुस्तक लिहील.

वाऱ्यावरचा

मिरची, राग समजतो, पण पॅरोलचं तसं नाही. फेडरल कैद्यांसाठी तो प्रकार १९८० च्या दशकातच मोडीत काढला. चांगल्या वर्तणुकीची सूट धरूनही साधारण ८५ टक्के शिक्षा भोगावी लागते. हेडलीचा जन्म १९६० चा. हिशेब करा.

ताडदेवकर

वाचून अंगावर काटा आला. हेडलीनं इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस थाटलं होतं ते आमच्या ताडदेवला. मी त्या काळात रोज त्याच रस्त्यानं हाजीअलीकडे जायचो. कॅनडाच्या व्हिसाची पाटी बघून चुलतभावाला म्हटलेलं आठवतं, "चौकशी कर रे." तीच पाटी होती की दुसरी, देव जाणे. त्या भागात अशा पाट्या पैशाला पासरी होत्या.

सौद्याबद्दल माझं मत मिरचीपेक्षा वेगळं आहे, पण ते सांगायला आत्ता वेळ नाही. लोकल आली.

जुनाकोट

मी २८ वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून काढली, सगळी तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टांत. आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांनी 'जाणकारांनी सांगावं' म्हटलंय म्हणून चार ओळी. थोड्या लांबतील.

आमच्याकडे तपास पोलीस करतात. तपास संपला की दोषारोपपत्र होतं, फाईल लाल दोऱ्यात बांधून कोर्टात येते, आणि बहुतेक वेळा साक्षीच्या दिवशी सकाळी साडेदहाला पैरवी हवालदार ती आमच्या टेबलावर आपटतो. पंच कोण, मुद्देमाल कुठे, साक्षीदाराला समन्स बजावलं का, हे तिथं उभ्याउभ्या कळतं. कोणावर खटला भरायचा हे आम्ही ठरवत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलं की दोषारोपपत्र दाखल करावं की नाही हे पोलिसानं स्वतः ठरवायचं, त्यात सरकारी वकिलाचं मत घ्यायला लावता येत नाही. त्याआधी १९९५ च्या शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालानं आम्हाला पोलीस खात्यापासून वेगळं काढलं. ते चांगलंच झालं, नाहीतर आम्ही एसपी साहेबांना सलाम ठोकत बसलो असतो. पण वेगळं काढताना मधली भिंत इतकी उंच झाली की पलीकडे काय शिजतंय ते कळेनासं झालं.

अमेरिकेतला फेडरल वकील पहिल्या दिवसापासून एफबीआयच्या बरोबर बसतो. फोन टॅप करायचा तर कोर्टाकडे अर्ज तोच नेतो. ग्रँड ज्युरीपुढे साक्षीदार तोच तपासतो. १६ ते २३ नागरिक असतात, १२ जणांनी हो म्हटलं की आरोप निश्चित. आरोपीचा वकील तिथं नसतो. आणि कुणावर आरोप लावायचाच नाही, हेही तोच ठरवतो. या शेवटच्या अधिकाराला माझ्या मते सगळ्यात जास्त वजन आहे. तो वापरला की कागदावर काहीच उरत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

सौद्याचं म्हणाल तर माफीचा साक्षीदार आपल्याकडेही आहे. पूर्वी ३०६ कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३४३. फरक इतकाच की आपल्याकडे माफी कोर्ट देतं.

अनुस्वार

'असिस्टंट यूएस ॲटर्नी' काय, 'सदर्न डिस्ट्रिक्ट' काय. 'दक्षिण जिल्ह्याचे सहायक संघीय अभियोक्ता' म्हणा की.

वाऱ्यावरचा

अनुस्वारराव, असं म्हटलं की मला कृषी खात्याचा अधिकारी डोळ्यासमोर येतो.

जुनाकोट काका, दंडवत. 'कागदावर काहीच उरत नाही' हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

एक किस्सा राहिला होता, तो इथल्या लोकांना आवडेल. १९९४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये हायवेवर एका ट्रकचा लोखंडी भाग निखळून पडला, मागची व्हॅन त्यावरून गेली, पेटली, आणि एका पाद्र्याची सहा मुलं गेली. चौकशीत निघालं की ट्रकवाल्यानं इलिनॉयमध्ये लाच देऊन लायसन्स काढलं होतं. आपल्या भाषेत आरटीओचा एजंट. त्या काळी लायसन्स खात्याचा प्रमुख होता जॉर्ज रायन, जो पुढे इलिनॉयचा गव्हर्नर झाला. लाचेचे पैसे त्याच्या निवडणूक फंडात जात होते. फेडरल वकिलांनी खालून वर धरत नेलं: आधी काउंटरवरचे कारकून, मग साहेब, मग मोठे साहेब. फिट्झजेराल्ड येण्याआधी तपास सुरू झाला होता, रायनवर आरोप मात्र त्याच्या काळात, डिसेंबर २००३ मध्ये लागले आणि २००६ मध्ये तो दोषी ठरला. साडेसहा वर्षं. एकूण ७९ जणांवर आरोप, ७६ दोषी.

रायनची गंमत म्हणजे गव्हर्नरपद सोडता सोडता त्यानं राज्यातल्या सगळ्या फाशीच्या कैद्यांची फाशी रद्द केली होती. माणूस एका रंगाचा नसतो, काय करणार.

वाचनमात्र

पाच वर्षांनी लॉगिन केलं फक्त हे लिहायला: आमच्या आरटीओत काउंटरवरच्या कारकुनापर्यंतसुद्धा कुणी पोचलेलं मी पाहिलं नाही. (कुठलं आरटीओ ते सांगत नाही, लायसन्स रिन्यू करायचंय.)

एडिसनची_वहिनी

अरे, फेडरल वकील म्हटल्यावर प्रीत भरारा कुणालाच आठवला नाही? जन्म फिरोजपूरचा, वाढला इथं न्यू जर्सीत. २००९ ते २०१७ सदर्न डिस्ट्रिक्टचा यूएस ॲटर्नी. त्याच्या काळात आमच्या प्रत्येक गणपतीत तोच विषय, कारण पकडले जाणारे अर्धे लोक आपल्याच शाळा-कॉलेजांतले!

रजत गुप्ता आठवतो ना? मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा पहिला भारतीय प्रमुख, गोल्डमन सॅक्स बँकेच्या संचालक मंडळावर. २३ ऑक्टोबर २००८ ला बोर्डाचा फोन संपला आणि २३ सेकंदांत ह्यानं गुंतवणूक फंडवाल्या राज राजरत्नमला फोन लावला. त्या फोनमध्ये काय बोलणं झालं ते कुणी टेप केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर राजरत्नमनं शेअर विकले, आणि गोल्डमनच्या बोर्डावरच्या कुणीतरी तोटा होणार असं सांगितलंय हे तो आपल्या माणसाला फोनवर बोलला. ते मात्र टेप झालं. फोनची बिलं, सेकंद आणि शेअरचे व्यवहार यांची अशी एकेक वीट रचत त्यांनी भिंत उभी केली. कंपनीची आतली बातमी फोडल्याबद्दल जून २०१२ मध्ये दोषी. सरकारी बाजूनं आठ ते दहा वर्षांचा हिशेब मांडला होता, जज रेकॉफनं दोन वर्षं दिली. म्हणजे वकिलाच्या मनासारखंच सगळं होतं असं नाही हां.

आणि त्याच प्रकरणातला अनिल कुमार, आयआयटी मुंबईचा. टीप दिल्याबद्दल त्याला मिळणारे पैसे घरकाम करणाऱ्या बाईच्या नावानं काढलेल्या परदेशी खात्यात जायचे. पकडल्यावर तो सरकारी साक्षीदार झाला, राजरत्नम आणि गुप्ता दोघांच्याही विरुद्ध बोलला. राजरत्नमला ११ वर्षं, आणि ह्याला? एक दिवसही तुरुंग नाही, दोन वर्षं प्रोबेशन. तेव्हा मिरचीताई, का मिरचीदादा, सौदे फक्त दहशतवाद्यांशी होतात असं नाही.

आता माझी आवडती गंमत. २००६ मध्ये बुश सरकारनं एकदम काही यूएस ॲटर्नींना काढलं, त्यावर २००७ मध्ये सिनेटनं चौकशी केली. त्या चौकशीत सिनेटर शूमरचा मुख्य वकील कोण? भरारा. त्या वेळी जी कागदपत्रं बाहेर आली त्यांत २००५ ची एक यादी होती. कोण चांगलं काम करतो, कोण नाही. फिट्झजेराल्डच्या नावापुढे शेरा: 'विशेष उल्लेखनीय नाही'. हा शेरा मिळाला तेव्हा गडी व्हाइट हाऊसच्याच माणसांची चौकशी करत होता! आणि मार्च २०१७ मध्ये ट्रम्प सरकारनं ४६ यूएस ॲटर्नींचे राजीनामे मागितले, भरारानं दिला नाही, तर काढून टाकलं. दहा वर्षांपूर्वी ज्याची चौकशी केली तेच स्वतःच्या वाट्याला.

मिरची_नागपुरी

दादा आहे मी, वहिनी.

भराराचं नाव काढलं ना, मग देवयानी खोब्रागडेचंही काढा. आमच्या महाराष्ट्राच्या सनदी अधिकाऱ्याची पोरगी, उपमहावाणिज्यदूत. डिसेंबर २०१३ मध्ये मुलीच्या शाळेबाहेर अटक, कपडे उतरवून झडती. दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे अडथळे आपण उचलून टाकले तेव्हा बरं वाटलं होतं.

एडिसनची_वहिनी

झडती मार्शल लोकांनी घेतली, भराराच्या ऑफिसनं नाही, हे त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. त्यानं आपला राग थोडाच कमी होतो, मलाही आला होता. पण मिरचीभाऊ, आरोप काय होता तेही बघा. व्हिसाच्या अर्जात घरकामाच्या बाईला तासाला ९.७५ डॉलर देणार असं लिहिलेलं, आणि आरोपपत्रानुसार प्रत्यक्षातला दर ३.३१ डॉलर. खटला शेवटपर्यंत चाललाच नाही, तेव्हा खरंखोटं कोर्टात ठरलं नाही. मार्च २०१४ मध्ये जज शायंडलिननं राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केलं. दोन दिवसांत भराराच्या ऑफिसनं नवीन दाखल केलं! तोवर बाई भारतात.

माझ्याकडे सोसायटीतल्या चार घरी काम करणाऱ्या मावशी येतात. त्या प्रकरणानंतर मी त्यांच्याशी पैशाचं बोलताना दोनदा विचार करते, एवढं खरं.

वाऱ्यावरचा

खोब्रागडे प्रकरणावर वेगळा धागा काढू, नाहीतर हा तिकडेच जाईल.

हमखास_उलट

सगळे आरती ओवाळताहेत, म्हणून नावाला जागतो.

१९४० मध्ये रॉबर्ट जॅक्सन हा अमेरिकेचा ॲटर्नी जनरल होता, पुढे न्यूरेंबर्गला मुख्य अमेरिकी वकील झाला तोच. त्यानं सगळ्या यूएस ॲटर्नींना जमवून सांगितलं होतं की माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यांवर सरकारी वकिलाइतका ताबा या देशात दुसऱ्या कुणाचा नाही. त्याला भीती होती ती अशी, की वकील आधी माणूस निवडेल आणि मग त्याला बसेल असं कलम शोधेल. कायद्याची पुस्तकं इतकी जाड आहेत की काही ना काही सापडतंच.

आज काय आहे? २०१८ मध्ये फेडरल कोर्टांतल्या सुमारे ८० हजार आरोपींपैकी ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला. खटला चालवला फक्त दोन टक्क्यांनी. का? कारण खटला लढवून हरलात तर शिक्षा कबुलीपेक्षा कितीतरी जास्त. गरीब माणूस निर्दोष असला तरी हिशेब करतो. ह्याला सौदा म्हणायचं की गळ्यावर सुरी?

तुमच्या फिट्झजेराल्डचंच घ्या. सीआयए अधिकारी महिलेचं नाव कुणी फोडलं ह्याचा तपास करायला २००३ च्या अखेरीस त्याला नेमलं. तपासात न्यूयॉर्क टाइम्सची बातमीदार जूडिथ मिलर स्रोत सांगेना म्हणून ८५ दिवस तुरुंगात. शेवटी नाव फोडल्याचा आरोप कुणावरच नाही. उपराष्ट्राध्यक्षांचा माणूस लिबी दोषी ठरला तो तपासात खोटं बोलल्याबद्दल. मग बुशनं त्याचा तुरुंगवास माफ केला आणि २०१८ मध्ये ट्रम्पनं पूर्ण माफी दिली. इतक्या खटाटोपाचं फलित काय?

आणि २००८ मध्ये बँका बुडाल्या तेव्हा भराराच्याच अंगणातल्या वॉल स्ट्रीटवरच्या किती बड्या बँकप्रमुखांना त्याच्या ऑफिसनं तुरुंगात पाठवलं? एकालाही नाही. शेअरची टीप देणारे सापडले. टीप देणारे सोपे असतात.

वाऱ्यावरचा

उलटराव, बँकांचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

लिबीबद्दल मात्र: तपासात खोटं बोलणं हा गुन्हा का, ह्याचं फिट्झजेराल्डनं पत्रकार परिषदेत बेसबॉलचं उदाहरण दिलं होतं. बॉल फलंदाजाला लागला, मुद्दाम टाकला का हे अंपायरला बघायचंय, आणि कुणीतरी अंपायरच्याच डोळ्यात वाळू फेकली. मग मूळ प्रश्नाचं उत्तर कसं मिळणार?

वाचनमात्र

पत्रकार परिषदा! ह्या विषयावर पुन्हा लॉगिन.

इलिनॉयचा गव्हर्नर ब्लागोयेविच याला डिसेंबर २००८ मध्ये पहाटे अटक केली, ओबामाची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला काढल्याबद्दल. तेव्हा ह्याच फिट्झजेराल्डनं माइकसमोर सांगितलं की हे ऐकून लिंकन थडग्यात कूस बदलेल. खटला उभा राहायच्या आधी! टीका झाली. भरारालाही न्यूयॉर्क विधानसभेच्या सभापतीच्या प्रकरणात न्यायाधीशबाईंनी कोर्टात सुनावलं की तुमचं बोलणं नियमांच्या काठावर गेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायची गरज आहे का? उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं की कसाबनं बिर्याणी मागितलीच नव्हती, ती गोष्ट आपणच रचली होती. आम्ही मात्र कित्येक वर्षं त्या बिर्याणीवरून चौकात भांडलो होतो. माझे सासरे अजून मानायला तयार नाहीत की ती नव्हती.

लॉचा_पोरगा

पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचून भारी वाटलं. भारतातून जाऊन असं असिस्टंट यूएस ॲटर्नी होता येतं का? पगार किती? परीक्षा असते का एमपीएससीसारखी?

एडिसनची_वहिनी

बाळा, परीक्षा नाही, पण अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. लॉ स्कूल, बार, मग बहुतेक जण एखाद्या न्यायाधीशाकडे क्लार्क किंवा मोठ्या फर्ममध्ये काही वर्षं. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्याच वर्षी सव्वादोन लाख डॉलर देतात. सरकारी पगार त्याच्या जवळपासही नाही. तरी रांग असते, कारण तिशीत उभं राहून 'मी युनायटेड स्टेट्सतर्फे हजर आहे' म्हणायला मिळतं. आणि नंतर तीच फर्म दुप्पट मानानं परत घेते. फिट्झजेराल्ड २०१२ मध्ये स्कॅडनमध्ये गेला. भराराही पुढे मोठ्या फर्ममध्येच. २०२५ मध्ये एफबीआयचा माजी प्रमुख कोमी याच्यावर आरोप लागले तेव्हा त्याचा बचावाचा वकील कोण होता? फिट्झजेराल्ड! कोमीनंच २००३ मध्ये त्याला त्या लिबी प्रकरणावर नेमलं होतं. आरोप लावणाऱ्या यूएस ॲटर्नीची नेमणूकच बेकायदा ठरून नोव्हेंबरमध्ये ते आरोपपत्र रद्द झालं.

हमखास_उलट

आणि फेब्रुवारी २०२५ विसरू नका. न्यूयॉर्कच्या महापौरावरचा खटला मागे घ्या असा वॉशिंग्टनहून हुकूम आला, तेव्हा सदर्न डिस्ट्रिक्टच्या प्रभारी यूएस ॲटर्नी डॅनियल सॅसून यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ आणखी काहींनी. हे मी कौतुकानं लिहितोय. वर्षातून एकदा मीही सुलट होतो.

ताडदेवकर

आलो. शनिवार आहे, निवांत लिहितो.

मिरची म्हणतात सौदा नको होता. पण काय काय मिळालं ते मांडू. सौद्यात अट होती की परदेशी कोर्टात साक्ष द्यावी लागेल. जून २०१० मध्ये आपल्या एनआयएच्या लोकांनी शिकागोत जाऊन त्याची चौकशी केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात व्हिडिओवरून त्याची साक्ष झाली, माफीचा साक्षीदार म्हणून, निकम यांनीच घेतली. फासावर गेलेला माणूस साक्ष देत नाही. आणि फाशी मागून ज्युरीनं ती दिलीच असती ह्याची खात्री कुठे होती? धागाकर्त्यांनीच नैरोबीचं लिहिलंय.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. हेडलीला साक्षीदार करून २०११ मध्ये शिकागोत त्याचा मित्र तहव्वूर राणा याच्यावर खटला चालवला. पाच दिवस हेडली बोलला. आणि ज्युरीनं राणाला डेन्मार्कमधल्या वर्तमानपत्रावर हल्ल्याच्या कटात आणि लष्कर-ए-तोयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, मुंबईच्या आरोपातून सोडलं. म्हणजे मोठ्याला सोडून धाकट्यावर नेम धरला, आणि नेमका आपलाच बाण चुकला. माफीच्या साक्षीदाराचं हेच दुखणं. तो खरं बोलतोय की जीव वाचवायला, हे ज्युरीला वाटणारच. राणा भारतात आला तो एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे त्या निकालानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

तरीही मी सौदा केला असता. पण त्या रात्री मला झोप लागली नसती, आणि दुसऱ्या दिवशी सीएसटीवरून जाताना खाली बघून चाललो असतो.

मिरची_नागपुरी

मी अजूनही केला नसता. पण भाऊ, लिहिलं छान.

लॉचा_पोरगा

जुनाकोट काका, एक विचारू? अमेरिकेत ब्रॅडी नावाचा १९६३ चा निकाल आम्हाला कंपॅरेटिव्हमध्ये आहे. आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी वकिलानं दडवायचा नाही. आपल्याकडे प्रत्यक्षात असं कुणी करतं का? म्हणजे स्वतःचीच केस पाडणं?

जुनाकोट

पाडणं हा शब्द पोलिसांचा. असो.

एक सांगतो. साताऱ्याकडचा एक तालुका, साल लिहीत नाही. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा आरोपी. मुद्देमाल सापडला नव्हता, सगळी केस एका म्हाताऱ्या राखणदारानं ओळख परेडमध्ये त्याला ओळखलं यावर उभी. परेड नायब तहसीलदारांनी घेतलेली, पंचनामा अगदी सुवाच्य.

साक्षीच्या दिवशी म्हातारा कोर्टाबाहेर लिंबाखाली बसला होता, धोतराच्या सोग्यात शेंगदाणे. मी नेहमीप्रमाणे जबाब वाचून दाखवायला गेलो. तर म्हणाला, "सायेब, ह्याला म्या वळखनारच की. आदल्या दिशी फौजदार सायबांनी चौकीत बोलवून दावला हुता."

साडेअकरा वाजले होते. आमची पुकारणी बाराला. बचावाच्या वकिलाला याची गंधवार्ता नव्हती. तो नवखा होता, उलटतपासणीत त्यानं हे विचारलंच नसतं. मी चहा मागवला आणि प्यायलो नाही.

सरतपासणीत मीच विचारलं, "परेडच्या आधी आरोपीला कुठे पाहिलं होतं का?" म्हातारा सरळ बोलला. साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, मग पुढे लिहिलं. मुलगा सुटला. फौजदार पुढे बदली होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि पैरवी हवालदार माझ्या फाईली मुद्दाम सगळ्यात शेवटी आणायचा. बढतीच्या वेळी कुणी हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

लॉचा_पोरगा

काका 🙏

मिरची_नागपुरी

पण काका, खरं सांगा. त्या पोरानं मोटार चोरली होती का नव्हती?

जुनाकोट

माहीत नाही.

तो आता एसटी स्टँडच्या मागे रसवंती चालवतो. ओळखतो मला. दर उन्हाळ्यात हाक मारतो, पैसे घेणार नाही म्हणतो. मी घाई आहे असं सांगतो आणि पुढे जातो.